गाडी वरातीची, कॅम शर्यतीचा

आमच्या घरी १९७६ सालची अँबॅसिडर आहे. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली होती आणि कित्येक वर्षे बेळगाव–सावंतवाडी अशी भाड्याने चालवली. आता ती बाबा चालवतात. रोजच्या भाड्याला तिला कोणी विचारत नाही. पण लग्नसराई आली की नवरदेवाची गाडी म्हणून तिला चांगली मागणी असते. पांढऱ्या बॉनेटवर झेंडूच्या माळा चढल्या की नव्या गाड्या तिच्यापुढे फिक्या पडतात, असे गिऱ्हाईकच म्हणते. माझ्या फीचे दोन हप्ते या माळांतून निघालेले आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात या गाडीचे इंजिन मी उघडले आणि कॅमशाफ्टच्या निवडीत अशी चूक केली, की ती निस्तरायला पुढचे सहा महिने लागले. ती चूक आणि तिच्यामागचे शास्त्र या लेखात सांगण्याचा विचार आहे. मेकॅनिकल शाखेच्या मित्रांना यातील काही भाग पाठ असेल. तेवढा त्यांनी ओलांडून पुढे जावे. पाठ मलाही होता, हे मात्र ध्यानात ठेवावे.

प्रथम इंजिनाविषयी. अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. ती पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. पेट्रोल अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरीज’ घराण्यातले. बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या कुशीत बसतो. टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर अशा साखळीने तो वर हेडमधले व्हॉल्व्ह उघडतो. याच घराण्यातले, याच मापाचे इंजिन १९५५ साली एम.जी.ए. या दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीत बसवले गेले. अँबॅसिडरमध्ये ज्याची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, तेच इंजिन एम.जी.ए.मध्ये बहात्तर अश्वशक्तीपर्यंत गेले. दोन कार्बोरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि वेगळा कॅमशाफ्ट, एवढाच मुख्य फरक.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात वारे शिरले. आमचा कॅमशाफ्ट झिजलेलाच होता. एका व्हॉल्व्हचा उंचवटा तर बोटाने चाचपला तरी कमी लागत होता. सिलिंडर मोजले तर बोअर करण्याची गरज नव्हती. रिंगा, बेअरिंगे आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंग एवढ्यावर काम भागणार होते. मग इंजिन उघडलेच आहे तर कॅमही ‘जरा गरम’ करून घ्यावा, असे मी ठरवले. नवा कॅम मिळणे कठीण, पण जुन्याला नव्या आकारात घासून देणारे कारागीर आहेत. त्यांना आकडे द्यायचे, की ते त्या आकड्यांबरहुकूम घासून देतात.

आमच्या मेस्त्रींनी मला त्या वेळी एकच प्रश्न विचारला होता. “गाडी कुठं चालवायलाईस तू?”

“सगळीकडं, मामा.”

“सगळीकडं म्हंजे कुठं? किती आरपीएमवर?”

मला उत्तर आले नाही. खरे तर मला प्रश्नच अडाणीपणाचा वाटला. माझ्याजवळ एक अमेरिकन पुस्तक होते आणि त्यात ‘रस्त्यावरच्या सौम्य इंजिनासाठी’ म्हणून जी यादी होती तिच्यात २६८, २७२, २८० असे आकडे होते. त्यातला शेवटचा मी उचलला. तो सौम्य यादीतलाच आहे, तेव्हा काय बिघडणार, असा हिशेब.

हे आकडे कशाचे, ते आता सांगतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना मिश्रण आत ओढतो, वर येताना दाबतो, पेटल्यावर खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर हाकलतो. शाळेतल्या चित्रात इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला असताना उघडतो आणि खालच्या टोकाला बंद होतो, म्हणजे क्रँकच्या बरोबर १८० अंशांत. प्रत्यक्षात तसे करून चालत नाही. व्हॉल्व्ह एकदम उघडत नाही, त्याला वेळ लागतो. आणि वाहणाऱ्या हवेलाही वजन असते. म्हणून इनलेट थोडा आधी उघडतात आणि पिस्टन परत वर निघाल्यावरही काही अंश उघडा ठेवतात. त्याच इंग्लिश कारखान्याच्या मॉरिस मायनर १००० या साध्या कौटुंबिक गाडीत इनलेट वरच्या टोकाच्या ५ अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी मिटतो. एकूण उघडा राहण्याचा काळ ५ अधिक १८० अधिक ४५, म्हणजे २३० अंश. यालाच ड्युरेशन म्हणतात. एक्झॉस्ट खालच्या टोकाच्या ४० अंश आधी उघडतो आणि वरच्या टोकानंतर १० अंशांनी मिटतो, तेही २३०. वरच्या टोकापाशी दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जेवढे अंश उघडे असतात तो ओव्हरलॅप. इथे ५ आणि १० मिळून १५. आमच्या झिजलेल्या कॅमचे जे उंचवटे शाबूत होते ते मोजले, तर साधारण हेच आकडे आले.

एम.जी.ए.च्या स्पोर्ट्स कॅमचे आकडे १६, ५६, ५१, २१. म्हणजे ड्युरेशन २५२ आणि ओव्हरलॅप ३७. (कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. हे सारे अंश क्रँकचे आहेत. कॅमवर कोनमापक लावून मोजाल तर निम्मे भरतील. माझ्या एका हुशार वर्गमित्राने इथेच अर्धा दिवस घालवला.)

मी कारागिराला जे आकडे दिले ते ३०, ७०, ६५, ३५. ड्युरेशन २८०, ओव्हरलॅप ६५.

व्हॉल्व्ह उशिरा मिटवण्याचा फायदा वेगात मिळतो. गर्दीच्या वेळी एस.टी.च्या दाराशी कसे होते ते आठवावे. कंडक्टरने घंटी दिली तरी मागून रेटा असतो, आणखी चारजण आत येतातच. तेव्हा दार उशिरा लावलेले बरे. पण दुपारच्या रिकाम्या स्टॉपवर दार उघडे ठेवले तर मागून कोणी येत नाही; उलट आत बसलेलाच एखादा उतरून चहाला जातो. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी फिरत असेल तेव्हा आत येणाऱ्या मिश्रणाला असा रेटा असतो. दीड हजारावर तो नसतो. पिस्टन वर येऊ लागला की आत आलेले मिश्रण उघड्या इनलेटमधून मागच्या मागे परत जाते.

इंजिन ऑक्टोबरात बांधून झाले. रिकाम्या रस्त्यावर, तिसऱ्या गियरमध्ये, तिने असा काही आवाज काढला की मी खूश झालो. एकदा का फेरे साडेतीन हजारांवर गेले की गाडी खरोखरच पूर्वी कधी पळाली नव्हती तशी पळे. बाबा मागच्या सीटवर बसून होते. ते म्हणाले, “पळते आहे खरी. पण हळू का चालत नाही?”

तुळशीची लग्ने झाली आणि पहिली वरात आली. वडगावातून शहापूरकडे, पुढे बँड, मागे आमची गाडी. वरातीत गाडीला माणसाच्या चालीपेक्षाही हळू जावे लागते. तास-दीड तास पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर, थांबत थांबत. आयडलिंग नऊशेच्या खाली आणले की इंजिन लंगडत लंगडत बंद पडे; बाराशेवर ठेवले की गाडी बँडवाल्यांच्या अंगावर जाई. चार वेळा ती बंद पडली. चौथ्या वेळी नवरदेवाच्या मामांनी दार उघडून आत डोके घातले आणि “पाव्हणं, ढकलायची काय?” असे विचारले. पोरे हसली. बाबांनी एक शब्द काढला नाही. त्या महिन्यात आणखी दोन सुपाऱ्या होत्या. दुसऱ्या घरच्या माणसाने या वरातीत गाडी पाहिली होती, त्याने निरोप पाठवून आपली सुपारी परत घेतली.

डिसेंबरात सावंतवाडीला आत्याकडे गेलो. जाताना आंबोलीचा घाट उतरायचा, त्यामुळे काही कळले नाही. येताना दाणोली सोडून चढ लागला. गाडीत सहा माणसे, टपावर सामान. दुसऱ्या गियरमध्ये फेरे कमी झाले की इंजिन दम टाकी. पहिल्यात घातले की तापे. एका वळणावर ट्रकमागे थांबावे लागले आणि तिथून गाडी निघेना. मी अर्ध्या क्लचवर रेटत राहिलो. जळक्या लायनिंगचा वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. आजीसकट सगळ्यांना खाली उतरवून गाडी वर आणली. आजोबांनी याच घाटातून हीच गाडी वीस वर्षे चढवली होती, हे आजीने त्या वेळी सांगितले नाही. घरी आल्यावर सांगितले.

क्लच प्लेट बदलायला गाडी उभी राहिली तेव्हा मेस्त्रींनी कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्युम गेज बाहेर काढले. “आता अंदाज पुरे कर. मोजून बघ,” म्हणाले. जुन्या कॅमवर, नुसत्या नव्या रिंगा टाकल्यावर, त्यांनी आधी एकदा नोंद करून ठेवली होती: चारही सिलिंडरांत १३० पौंडांच्या आसपास. आता ती १०५ भरली. रिंगा त्याच, व्हॉल्व्ह गळत नव्हते. आयडलवर मॅनिफोल्डची व्हॅक्युम पूर्वी पाऱ्याचे १७ इंच होती. आता काटा ९ आणि ११ च्या मध्ये थरथरत होता.

व्हॅक्युमचे कारण ओव्हरलॅप. आयडलवर कार्बोरेटरची फडकी जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे इनलेट मॅनिफोल्डमध्ये दाब कमी, एक्झॉस्टमध्ये मात्र बाहेरच्या हवेइतका. दोन्ही व्हॉल्व्ह ६५ अंश एकत्र उघडे राहिले की धूर उलटा इनलेटकडे शिरतो. पुढच्या खेपेला सिलिंडरला ताज्या मिश्रणाबरोबर हा शिळा धूरही मिळतो. कधी पेट घेतो, कधी नाही. गरम कॅमचा तो ‘ढब्-ढब्’ आवाज काहींना मर्दानी वाटतो. तो मुळात मिसफायर आहे.

कॉम्प्रेशन का पडले, हे मात्र गणिताने काढून पाहण्यासारखे आहे, आणि माझ्या मते कॅम निवडणाऱ्याने हे एक गणित तरी केलेच पाहिजे. इंजिनाचे कॉम्प्रेशन रेशो आपण पूर्ण स्ट्रोक धरून सांगतो. पण इनलेट मिटेपर्यंत पिस्टन काहीच दाबत नाही. तेव्हा खरा दाबण्याचा स्ट्रोक इनलेट मिटल्यापासून सुरू होतो. आमच्या इंजिनात क्रँकची त्रिज्या ४४.४५ मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १६५.१ मिलिमीटर. इनलेट ४५ अंशांवर मिटला तर पिस्टनला वर जायला ७८.९ मिलिमीटर शिल्लक असतात; ५६ वर मिटला तर ७३.५; आणि माझ्या ७० अंशांवर फक्त ६५. म्हणजे ८८.९ मिलिमीटरच्या स्ट्रोकपैकी पाव हिस्सा मी उघड्या व्हॉल्व्हपाशी फुकट घालवला होता.

हेडमधली जागा आम्ही ब्युरेटने तेल सोडून मोजली. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून ती प्रत्येक सिलिंडरला सुमारे ५७ घनसेंटिमीटर भरली, म्हणजे रेशो साडेसातास एक. एका सिलिंडरचा छेद ४१.९ चौरस सेंटिमीटर. यावरून प्रत्यक्षातले कॉम्प्रेशन जुन्या कॅमवर ६.८, एम.जी.ए.च्या कॅमवर ६.४ आणि माझ्या कॅमवर ५.७ च्या आसपास. साडेसाताचे इंजिन मी पाचपावणेसहाचे करून ठेवले होते. ज्यांनी एम.जी.ए.ला मोठा कॅम दिला त्यांनी कॉम्प्रेशनही ८.३ वर नेले होते. पुस्तकातली ती ओळ मी वाचली होती. ती या ओळीशी जोडलेली आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते.

अमेरिकन पुस्तकाने मला दोन ठिकाणी फसवले, म्हणजे मी फसलो. एक तर ती यादी शेव्हरोलेच्या ३५० घनइंची, पावणेसहा लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी होती. तिथे एकेक सिलिंडर सातशे घनसेंटिमीटरच्या वर, आमच्या जवळजवळ दुप्पट; एवढे मोठे सिलिंडर जास्त ड्युरेशन पचवते आणि कमी फेऱ्यांवरही त्याला ओढ असतेच. दुसरे म्हणजे मोजण्याची पद्धत. टॅपेट नुसता हलू लागल्यापासून मोजले तर एक आकडा येतो, तो ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यानंतर मोजले तर बराच लहान येतो. त्या इंजिनासाठी २६८ म्हणून विकला जाणारा एक प्रसिद्ध कॅम दुसऱ्या पद्धतीने २२४ अंश भरतो. ब्रिटिश पुस्तकांची तिसरीच तऱ्हा. तिथे टायमिंग तपासताना टॅपेटचा गॅप मुद्दाम निराळा ठेवायला सांगतात. तेव्हा कोणी नुसते ‘२८० चा कॅम’ म्हणाला तर तो कुठून मोजला हे विचारल्याशिवाय पुढे बोलू नये.

आता या इंजिनाची खास खोड. तिच्याविषयी मला कोणत्याच यादीत वाचायला मिळाले नाही. प्लग काढून पाहताना ती सापडली. १ आणि ४ नंबरचे प्लग काळे, २ आणि ३ चे पांढरट. कार्बोरेटर तर एकच! कारण असे, की बी सीरीजच्या हेडला चार सिलिंडरांना मिळून इनलेटची तोंडे दोनच आहेत. १ आणि २ चे एक, ३ आणि ४ चे एक. पेटण्याचा क्रम १-३-४-२. म्हणजे २ ने मिश्रण ओढून झाले की लगेच पाठोपाठ १ ची पाळी येते. तसेच ३ नंतर लगेच ४. मग त्या तोंडाला फार तर एक फेरा विश्रांती. २ चा व्हॉल्व्ह खालच्या टोकानंतर ७० अंश उघडा आणि १ चा वरच्या टोकाच्या ३० अंश आधी उघडणार, म्हणजे एकाच तोंडावर दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह १०० अंश एकत्र उघडे. कमी वेगात २ मधला पिस्टन जे मिश्रण परत ढकलतो ते शेजारचा १ ओढून घेतो. एकाच नळावर दोन बिऱ्हाडे, आणि त्यातल्या एकाचे पाणी भरून व्हायच्या आत दुसऱ्याने घागर लावलेली! जुन्या कॅमवर हा सामायिक काळ ५० अंश होता, एम.जी.ए.च्या कॅमवर तो ७२ होतो. चारही सिलिंडरांना स्वतंत्र तोंडे असलेल्या इंजिनात जे ड्युरेशन सौम्य ठरेल ते इथे ठरत नाही.

एवढे कळल्यावर मेस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून काढले. वरातीत नऊशे ते बाराशे फेरे. शहरात पंधराशे ते अडीच हजार. टॉपमध्ये ताशी ५० किलोमीटरला दोन हजारांच्या आसपास. घाटात दुसऱ्या गियरमध्ये दोन ते तीन हजार. साडेतीन हजारांच्या वर गाडी वर्षातून किती मिनिटे जाते? बाबा चालवत असतील तर शून्य. मी ज्या टापूसाठी कॅम घेतला होता त्या टापूत ही गाडी राहतच नव्हती.

मग सरळ जुन्याच आकड्यांचा कॅम का घेऊ नये? बाबांचे मत तेच होते आणि ते चुकीचे नव्हते. पण माझा थोडा हट्ट उरला होता आणि मेस्त्रींनी तो मोडला नाही. आम्ही २४० वर थांबलो. इनलेट १० आधी, ५० नंतर. एक्झॉस्ट ४५ आधी, १५ नंतर. ओव्हरलॅप २५, सामायिक काळ ६०. गंमत अशी, की २३० असो, २५२ असो की हा २४०, इनलेटच्या उंचवट्याचे शिखर वरच्या टोकानंतर ११० अंशांवरच येते आणि एक्झॉस्टचे १०५ अंश आधी. इंग्लिश लोकांनी साध्या गाडीतून स्पोर्ट्स कॅम करताना शिखरे जागची हलवली नव्हती, दोन्ही बाजू फक्त पसरल्या होत्या. आम्ही त्यांचेच बोट धरून निम्म्याहून कमी अंतर गेलो.

त्याबरोबर हेड घासून कॉम्प्रेशन ८.३ करायचे ठरले. इनलेट ५० अंशांवर मिटला तर पिस्टनला ७६.६ मिलिमीटर उरतात, ८.३ रेशोवर प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ७.३ येते. जुन्यापेक्षाही जास्त, पण साध्या पेट्रोलला सोसण्यासारखे. इथे बेळगावकरांसाठी एक सूचना. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. इथे इंजिन ठोकत नाही म्हणून कॉम्प्रेशन आणखी वाढवावे असे वाटते. तीच गाडी सावंतवाडीला किंवा पणजीला उतरली की दाट हवेत ठोकू लागेल. आपल्या गाड्या दोन्हीकडे जातात, तेव्हा हिशेब खालच्या हवेचा धरावा.

कॅमचे काम सोपे नव्हते. घासून धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही. उंचवटा जाड किंवा उंच हवा असेल तर बाकीचा गोल भागच खोल घासावा लागतो. माझा मूळ कॅमशाफ्ट २८० साठी एवढा घासला गेला होता की त्यात पुन्हा काही करण्यासारखे उरले नव्हते. दुसरा जुना कॅमशाफ्ट कोल्हापुरात एका भंगारवाल्याकडे मिळाला. तो आणि क्लच प्लेट मिळून दोन वरातींचे पैसे गेले. ते मी सुटीत मेस्त्रींकडे राबून फेडले. उंचवट्यांचा कठीण थर फार जाड नसतो, तो घासण्यात गेला तर नवा कॅम हजार किलोमीटरमध्ये सपाट होईल. म्हणून घासून आल्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत रॉकवेल यंत्रावर टोकाच्या निरुपयोगी भागाची कठीणता पाहिली आणि उंचवट्यावर कानस फिरवून पाहिली. कानस घसरली. टॅपेटची तोंडेही नव्याने घासून घेतली. जुना टॅपेट नव्या कॅमवर टाकणे म्हणजे दोन्ही घालवणे. ज्यांच्या गाडीत पेट्रोलचा पंप कॅमशाफ्टवरच्या वेगळ्या उंचवट्यावर चालत असेल त्यांनी तो उंचवटा घासू नये असे कारागिराला बजावावे. पुशरॉडची लांबी आम्हाला बदलावी लागली नाही. गोल भाग घासल्याने टॅपेट खाली जातो आणि पुशरॉड आखूड पडल्यासारखा होतो. हेड घासल्याने रॉकर खाली येतात आणि तोच पुशरॉड लांब पडल्यासारखा होतो. दोन्ही एकमेकांत बऱ्यापैकी वळते झाले.

कॅम बसवताना चेनच्या खुणा जुळवून मोकळे होऊ नये. चेन थोडी तरी ताणलेली असते, खाचेची किल्ली झिजलेली असते. आम्ही क्रँकला अंशांची तबकडी लावली, पिस्टनला अडवणारा बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी मोजून वरचे टोक काढले आणि टॅपेटवर डायल गेज लावले. गेजवर माझा एक कन्नड विभागातला मित्र होता, वहीवर मी. तो कन्नडमधून आकडे ओरडायचा आणि मी मराठीत लिहायचो. त्याचा ‘ऐवत्तारु’ ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ५६ म्हणजे व्हॉल्व्ह सहा अंश उशिरा मिटतो आहे! खरोखरच कॅम मागे पडला होता. चेन नवी घालून आणि किल्ली सरकवून करून तो ५१ वर आणला. पहिल्या खेपेला मी हे मोजलेच नव्हते. तो ७० चा कॅम प्रत्यक्षात ७५ वर मिटत नसेल असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

नवा कॅम पहिल्यांदा चालू करताना आयडलवर ठेवू नये. कॅमला तेल क्रँकवरून उडून मिळते, कमी फेऱ्यांत ते पुरेसे पोहोचत नाही. इंजिन चालू होताच दोन-अडीच हजार फेऱ्यांवर वीस मिनिटे धरावे. तेही कोणतेही तेल चालत नाही. आजच्या गाड्यांच्या तेलात जस्त आणि फॉस्फरसचे संयुग कमी केलेले असते, कारण सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टला ते बाधते. सपाट तोंडाच्या टॅपेटला मात्र तेच वाचवते. आम्ही डिझेल इंजिनाचे जुन्या प्रतीचे तेल वापरतो.

२०२३ च्या मार्चमध्ये गाडी पुन्हा रस्त्यावर आली. कॉम्प्रेशन १४५ पौंड, व्हॅक्युम १६ इंच, काटा स्थिर. आयडलिंग साडेसातशेला. एप्रिलमध्ये वैशाखाच्या वराती सुरू झाल्या, त्यात ती एकदाही बंद पडली नाही. मे महिन्यात आंबोली चढलो; ट्रकमागे थांबून पुन्हा निघताना बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि गियर तसाच दुसऱ्यात ठेवला. वरच्या वेगात ती आता पूर्वीच्या त्या दोन महिन्यांसारखी पळत नाही; अडीच-तीन हजारांपर्यंत मात्र मूळच्या गाडीपेक्षा चांगली ओढते. टॅपेट पाचशे किलोमीटरला पुन्हा तपासले, फारसे सरकले नव्हते. २ आणि ३ चे प्लग अजून १ आणि ४ पेक्षा किंचित पांढरेच निघतात. तोंडे दोनच आहेत, त्याला इलाज नाही.